पट्टकादंब नसल्याचा ठराव

आदरणीय वामनराव भाऊजी यांस,

संघपालचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आणि रंजीताताईचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो. इकडे गडचिरोलीत थंडी इतकी आहे की खोबरेल तेलाची बाटली चुलीपाशी बसवावी लागते. फोन न करता पत्र का लिहिलं, असं विचाराल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुमच्या पक्षिमित्र मंडळातले निदान चार जण कायम तुमच्या ओसरीत चहा पीत असतात, म्हणून. हे पत्र एकट्याने वाचावं.

गेली सहा वर्षं मी तुमच्या हिवाळी गणनेत चिखल तुडवतो आहे आणि सहाही वर्षं अहवालात माझं नाव ‘व इतर’ या दोन शब्दांत येतं. गेल्या साली तर तुम्ही भर सभेत म्हणालात, संघपालले बगळा आन् कोंबडीतला फरक समजते, एवढं पुष्कळ हाये. (सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त हसली. सख्खी बहीण!) तेव्हाच ठरवलं की यंदा पट्टकादंब पाहायचाच आणि अहवालात स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट छापून आणायचं. तो पक्षी हिमालय ओलांडून येतो आणि मला मोटारसायकलवर धानोऱ्यापुढच्या कोसमटोल्याच्या धरणापर्यंत जाता येऊ नये, म्हणजे काय?

शनिवारी सकाळी पोचलो. पहिल्याच घरी बुधरीबाई भेटल्या. ह्या तिथल्या ग्रामसभेतल्या जुन्या, वजनदार बाई. त्यांनी चहा दिला आणि इथी तसा पक्षी येतच नाई, असं सांगितलं. त्यांच्या नवऱ्याने, झिंगूभाऊंनी, मात्र फार आस्थेने मला डोंग्यात बसवलं, पलीकडच्या काठावर सोडलं आणि हालू नका म्हणून बजावलं. मी तीन तास हाललो नाही. तीन तासांत अकरा पाणकावळे आणि एक खंड्या दिसला. शेवटी हाललो, तर डावा बूट गाळात गेला तो गेलाच. दुपारी आणखी एका गृहस्थाने सांगितलं की ते मोठे बदक उन्हाच्या वेळी सागाच्या जंगलात बसतात. मी गेलो, भाऊजी! (पाण्यातला पक्षी सागावर कशाला बसेल, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा चार किलोमीटर चालून झाले होते, तेही एका पायात झिंगूभाऊंची चप्पल घालून.) इतकं गोड बोलून इतकं चुकीचं सांगणारं गाव मी आजवर पाहिलं नव्हतं. पण मीही हटायला तयार नव्हतो, तिथेच मुक्काम ठोकला. रात्री त्यांनी भात आणि मासोळीचं कालवण पोटभर वाढलं.

रविवारी फटफटताना धरणाच्या पाळीवर चढलो आणि दिसले. पाणी उतरलेल्या गाळपेरात बायकांनी लाखोळी पेरली आहे, त्या लाखोळीत सगळा थवा निवांत चरत होता. पांढरी डोकी, त्यावर ते दोन काळे पट्टे, अगदी पुस्तकातल्यासारखे. शेजारी एक बाई शेतात उभी होती, हातात काठी होती, पण हाकलत नव्हती. पीक खाऊ देत होती.

खाली उतरलो तर चिंचेखाली सगळं गाव बसलेलं. त्यांचा जुना ठरावच होता की बाहेरच्या माणसाला हे पक्षी दाखवायचे नाहीत. नाव पेपरात आलं की गाड्या येतात, मग कोणी साहेब येतो, मग मासोळीचं जाळं बंद, गाळपेर बंद. एका गावात असं झालं म्हणतात. मी उभा राहून समजावलं की तसं काही होणार नाही. झिंगूभाऊ शांतपणे म्हणाले, “कागदावर लिहून द्या मंग.” भाऊजी, मी वीस वर्षं कारकुनी केली आहे. ‘तसं काही होणार नाही’ असं लिहून देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी खाली बसलो.

आता गंमत बघा. त्या गावात बहुमत चालत नाही, सगळ्यांची सहमती लागते. एकानेही नाही म्हटलं तर ठराव होत नाही. मी पाहून आलो, म्हणजे जुना ठराव मोडला. नवा करायचा, तर त्यात माझीही सहमती हवी, असं बुधरीबाईंनी काढलं. रात्री इथी जेवला तो माणूस इथलाच, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, तुमी लिहिलं तं तुमचं नाव होईन. आमचं काय होईन, ते सांगा.” सगळे माझ्या हाताकडे बघत बसले, कोणी घाई केली नाही. त्याच वेळी तो सगळा थवा ओरडत आमच्या डोक्यावरून गेला. एकानेही वर पाहिलं नाही. मीही नाही. कोसमटोल्याच्या धरणावर पट्टकादंब नाहीत, या ठरावाला मी हात वर केला. सहा वर्षांचा सगळा हट्ट त्या हातात होता, त्यामुळे तो वर जायला जरा वेळ लागला.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
संघपाल

ता. क. गणनेचा तक्ता सोबत जोडला आहे. पट्टकादंबाच्या रकान्यात शून्य आहे. तिथली खाडाखोड दवामुळे झाली.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. पत्र वाचलंत म्हणजे तुम्हीही माहीतगार झालात, तेव्हा ठराव पुन्हा अडला. येत्या रविवारी गुडघ्याला पट्टा बांधून कोसमटोल्याला या, जेवा आणि हात वर करा. तुम्हाला आणतो, असं मी गावाला कबूल करून बसलो आहे. माझं नाव ‘व इतर’मध्येच राहू द्या.

ता. क. तिसरा. त्रेचाळीस होते, भाऊजी. दोनदा मोजले. कुठे लिहायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.