डिझेल की गॅस

६ जानेवारी २०२५

डिझेल की गॅस — आज पुन्हा तेच! सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि ह्यांनी सुरू केलं. गॅसची गाडी आवाज करत नाय, डिझेलची लांब पळते. गॅस स्वस्त, पण पंपावर रांग. मी म्हणाले, कोणतीपण घ्या. मला काय कळतं त्यातलं?

मागं दोघांना झोपायला जागा, एक शेगडी, पाण्याची टाकी. अशी गाडी करायची आणि फिरत राहायचं. वय काय, बोलतात काय!

गणपतीत मल्हारी गेला. साधा ताप आला आणि त्या तापातच गेला. एकुलता एक. हे रडले. सून — कावेरी — रडली. मला रडूच आलं नाही. अजून नाही. भाकरी करते, धुणं वाळत घालते, झोपते. अंगणवाडीत कामाला होते तेव्हापासून रोजचं लिहायची सवय, म्हणून हेही लिहिते.

९ जानेवारी

शेजारचे काकासाहेब येऊन बसले. त्यांची गाडी गॅसची. "सोनाजी, डोळे झाकून गॅस घे. डिझेलचा धूर ह्या वयात छातीत जातो." ह्यांना पटलं. संध्याकाळी कुणाशी तरी फोनवर बोलले आणि पुन्हा डिझेल!

मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

काहीच वाटत नाही. गाडीचंच नाही, कशाचंच. पण असं सांगता येत नाही. म्हणाले, बघा तुम्हीच.

१२ जानेवारी

चितेगावला गेलो. ह्यांची सगळी नोकरी तिथल्या कारखान्यात गेली, त्यामुळं रस्त्यावर चार माणसं हात करतात. सांडू मिस्त्रीच्या गॅरेजात दोन जुन्या व्हॅन उभ्या. दिसायला एकसारख्या. एक डिझेलची, एक गॅसची. घेऊ ती तो आतून बनवून देणार.

हे दोन्हींत आडवे झाले. नुसत्या पत्र्यावर, डोळे मिटून. गॅसच्या गाडीत मागं टाकी आहे, तिथं पलंग आखूड होतो, पाय दुमडून झोपावं लागेल.

सांडू म्हणाला, "काका, हितल्या हितं फिरायचं तर गॅस बरा. लई लांब जायचं असलं तर डिझेल. कुठंबी पंप सापडतो."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "किती लांब जायचं आपण?"

म्हणजे काय? फिरायला निघालेत आणि कुठं ते ठाऊक नाही!

१५ जानेवारी

झोप नाही. जुनं आठवत राहिलं. आमच्या दोघांच्याही घरी मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघायचं. आज ह्या रानात, उद्या त्या. माझा धाकटा भाऊ एका बांधावर जन्मला. माझी आई बानाबाई त्याला पोटाशी बांधून दुसऱ्याच दिवशी चालायला लागली. तेव्हाच ठरवलं होतं, मी भिंती असलेल्या घरात राहीन. राहिले. आधी खोली, मग भाड्याचं घर, मग मल्हारीनं घेतलेला हा फ्लॅट. त्याच्या आणि कावेरीच्या नावावर.

आणि आता हे मला पुन्हा चाकावर बसवायला निघालेत.

राग यायला पाहिजे. येत नाही.

१९ जानेवारी

रविवार. दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. सांडूचा माणूस एक घेऊन, हे एक. दौलताबादचा घाट चढून खुलताबादपर्यंत. कावेरीला सुट्टी होती, तीही आली.

जाताना मी ह्यांच्याबरोबर गॅसच्या गाडीत. सपाटीला छान, गुपचूप चालते. घाटात मात्र जीव जायला लागला तिचा. मागून एसटीवाला हॉर्न मारतोय, पुढं वाट नाही. हे स्टिअरिंगवर वाकून, "चल गं बाई, चल" — जशी काही मेंढीच आहे! कावेरी मागं हसली. किती दिवसांनी. मग आपण हसलो हे ध्यानात आलं तसं तिनं तोंड दाबलं.

वर पेरू घेतले. येताना डिझेल. सगळं अंग हादरतं. दात वाजतात. कावेरी म्हणाली, "आई, त्रास होतोय का?" मी नाही म्हणाले. खरंच नाही. त्या हादऱ्यानं हात-पाय आहेत असं तरी कळत होतं.

२३ जानेवारी

आज काही नाही. गवार केली.

२६ जानेवारी

हे डिझेलवर आले. पक्कं म्हणतात. मी विचारलं, निघालो तर परत कधी यायचं?

"बघू की."

"बघू म्हणजे?"

उठून गॅलरीत गेले.

२ फेब्रुवारी

कावेरीचे वडील नानासाहेब आले. कावेरी दवाखान्याच्या लॅबमध्ये ड्युटीवर, हे बाजारात. चहा दिला. ते कप खाली ठेवून हात जोडायला लागले.

"विहीणबाई, लई मोठं मन तुमचं. दुसरं कुणी असतं तर घर सोडलं नसतं."

मला कळेना. मग कळलं. कावेरीसाठी त्यांनी एक स्थळ बघितलंय. बिडकीनला कंपनीत आहे, स्वभावानं चांगला, त्याची पण बायको वारलेली. पण त्याला राहायला भाड्याची खोली. आणि ह्या घरात आम्ही. त्याच्या घरच्यांनी विचारलं, पहिल्या नवऱ्याचे आई-बाप घरात असताना कसं व्हायचं? नानासाहेबांनी ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, घर कावेरीचंच आहे, आम्ही गाडी घेऊन निघून जातोय.

म्हणून गाडी. म्हणून डिझेल.

नानासाहेब गेले. चहाचे कप घासले. पुन्हा घासले.

३ फेब्रुवारी

सरळ विचारलं. हे वरण-भात कालवत होते, हात तसाच राहिला.

"मला कामून सांगितलं नाय?"

"कोणाला सांगू? तू बोलतीस कुठं? भिंतीला सांगितल्यावाणी होतंय."

खरंय ते.

मग म्हणाले, "पोरीचं वय आहे का असं बसायचं? आपण इथं असलो तर ती रोज आपली तोंडं बघणार. त्यात तिला मल्हारीच दिसणार. माझा बाप जन्मभर रानात झोपला, मला काय होतंय?"

तुम्हाला काही होत नाही. पण माझं काय, हे तोंडावर आलं होतं. गिळलं. कारण पोरीचं असं बसायचं वय नाही, हेही खरं. भात गार झाला. दोघांनी तसाच खाल्ला.

४ फेब्रुवारी

कावेरीला बापानं फोनवर सांगितलंच असणार. लॅबमधून आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि आमच्या दोघांसमोर उभी राहिली.

"मला कुणी विचारलं का?"

हे म्हणाले, "पोरी, तुझ्या भल्यासाठीच —"

"माझ्या भल्यासाठी तुम्ही म्हातारपणी रस्त्यावर झोपणार? आणि मी इथं त्याच पलंगावर दुसऱ्याचा संसार करणार? बाबा, तुम्हाला असं वाटलंच कसं!"

कधी आवाज चढवला नव्हता तिनं. मग ती माझ्याकडं वळली, एकदम हळू बोलली. "गाडी घ्यायचीच असली तर गॅसची घ्या, आई. गॅस संपला की माघारी यावं लागतं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला पाहिजे होता. हात उचललाच नाही.

५ फेब्रुवारी

तिघांनी वेगवेगळ्या वेळी जेवण उरकलं.

९ फेब्रुवारी

कावेरीनं आज सांगितलं. तिला नोकरी लागली. गडचिरोलीच्या पार पलीकडं, तालुक्याच्या दवाखान्यात, लॅबमध्येच. दिवाळीतच अर्ज केला होता. म्हणजे स्थळाच्या आधी. गाडीच्याही आधी.

हे म्हणाले, "इतक्या लांब? आमच्यामुळं?"

"तुमच्यामुळं नाही, बाबा. इथं दूधवाला पण माझ्याशी हळू आवाजात बोलतो. तिथं मला कुणी ओळखत नाय. मला तेच पाहिजे."

लग्न नको, घर नको. घर तुम्ही ठेवा म्हणाली. तिनं आम्हाला घर दिलं, आम्ही तिला दिलं होतं, आणि राहायचं कुणालाच नाही.

१६ फेब्रुवारी

कावेरी गेली. नानासाहेब पोचवायला बरोबर गेले. बस स्टँडवर मी डबा दिला — शेंगदाण्याची चटणी, दशम्या. ती खाली वाकली, पाया पडली. मी "सांभाळून जा" म्हणाले. एवढंच. लोकांना म्हणतात तसं.

घरी आलो. तिची पावडर, टिकल्या, काही नाही. सगळं नेलं.

१८ फेब्रुवारी

सांडूचा फोन. गॅसच्या गाडीला दुसरं गिऱ्हाईक आलंय, काय करू? हे म्हणाले, "देऊन टाक." आणि डिझेलची? "ती बी राहू दे. आता कशाला पाहिजे."

फोन ठेवला आणि टीव्ही लावला. आवाज बंदच होता. हे तसाच बघत बसले. आता कोणी विचारत नाही, डिझेल की गॅस. सकाळचा चहा नुसता पिऊन होतो.

माझ्या भिंती मला मिळाल्या. सगळ्या.

२४ फेब्रुवारी

दुपारी कावेरीचा फोन. खोली मिळाली. दारात सागाचं झाड आहे. पाणी चांगलं आहे. मग म्हणाली, "आई, गाडी घेतली का? मी हिकडं चौकशी केली. हिकडच्या वाटेला शेवटच्या टप्प्यात गॅसचा पंप एकबी नाय. अंगणात मात्र लई जागा आहे. मोठी गाडी सुद्धा मावंल."

बरं म्हणाले. फोन ठेवला. आणि उभ्या उभ्या हुंदका फुटला. मल्हारी गेल्यापासूनचं सगळं एकदम. ओट्याला धरून उभी राहिले तरी थांबेना. हे आतून पळत आले, घाबरले. "काय झालं? अगं, बोल की! काय झालं?"

तोंडातून एवढंच निघालं — "डिझेल."