बेचाळीस जोड, नजरेच्या मापाचे

४ सप्टेंबर, गुरुवार

बुटांच्या बेचाळीस जोडांना खरं काय लागलं? नऊ शनिवार, चामड्याचे सहा अख्खे तुकडे, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख आणि माझ्याच कारखान्यातल्या मिस्त्रीची बोलणी. बोलणी सर्वांत महाग पडली. त्याचं म्हणणं, पोरांचे पाय आधी कागदावर उतरवून घ्या, मग चामडं कापा. मी म्हटलं, तीस वर्षं पाय बघतोय. शाळेच्या फाटकाशी दोन सकाळी उभा राहिलो, झालं माप – पोर आत शिरेपर्यंत माझ्या डोक्यात नंबर तयार असतो!

"शेठ, गिऱ्हाईक तक्रार करतं," तो म्हणाला. "ही पोरं कुणाकडे करणार?"

खवचट आहे. पण टाका सरळ घालतो.

७ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर वाटप झालं. चर्चच्या शाळेत वस्तीतली बेचाळीस पोरं येतात, बहुतेक अनवाणी. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. माझे दोन शब्द आता सगळ्यांना पाठ आहेत – मी नऊ वर्षांचा, अनवाणी. याच चर्चच्या दानाच्या पोत्यातून तपकिरी बूट मिळाले आणि असे बसले, जणू देवानेच माप घेतलं होतं. तिथून मी या धंद्यात. दुसऱ्या बाकावर बायको माझ्याबरोबर ओठ हलवत होती. आई मात्र या गोष्टीला दरवेळी खाली बघते. वय झालं.

मग एकेकाने जोड घालून पाहिला. पाळकबाई विचारायच्या, बसला का? बसला. बेचाळीसच्या बेचाळीस! मी अंगठ्याने दाबूनही पाहिलं नाही. कशाला?

एक बारकी मुलगी, आठेक वर्षांची. तिच्या एका बुटाची नाडी दुसरीपेक्षा बोटभर आखूड का, यावर माझ्याशी चांगली भांडली. तिचं नाव मी वकीलबाई ठेवलं.

८ सप्टेंबर

मिस्त्रीला सकाळीच ऐकवलं: बेचाळीस जोड, तक्रार शून्य. तो नुसता 'हं' म्हणाला. त्याचं 'हं' मला आवडत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

पाळकबाई कारखान्यात आल्या. वकीलबाई चार दिवस शाळेत नाही. पाय दुखतोय, असा तिच्या आईचा निरोप. तसाच उठून गेलो.

एकच खोली. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. बूट फळीवर, पुसून, टाचेला टाच लावून ठेवलेले. पोरगी पाय पांघरुणात घालून बसलेली. दाखव म्हटलं तर दाखवेना. शेवटी आईने पांघरूण ओढलं. टाच सोलून पिकली होती आणि पाऊल सुजून घोटा दिसेनासा झाला होता.

मग त्या दिवशी 'बसला' का म्हणालीस, असं मी विचारलं.

"बसतोच. तुम्ही परत नेणार?"

मला काही कळेना. आईने इस्त्री बाजूला ठेवून सांगितलं. वाटपाचा रिवाजच तो – बसला नाही तर जोड पोत्यात परत, पुढच्या पोराला. मागच्या वर्षी हिने खरं सांगितलं आणि रिकामी घरी आली.

मी म्हटलं, परत नेणार नाही. वर तुझ्या मापाचा दुसरा करून देईन.

"लिहून द्या," वकीलबाई म्हणाली.

दिलं. इस्त्रीच्या वहीच्या मागच्या पानावर, सहीनिशी. मग तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, सुई टोचली आणि म्हणाले, आणखी दोन दिवस घालवले असते तर पाऊल वाचवणं अवघड होतं. पोरगी डॉक्टरांना विचारत होती, सुई दुखणार नाही म्हणाला होतात, त्याचं काय?

तिथूनच पाळकसाहेबांकडे गेलो. परत घेण्याचा रिवाज आजपासून बंद. त्यांनी मान्य केलं.

२० सप्टेंबर, शनिवार

बेचाळीसही पोरं कारखान्यात बोलावली. वकीलबाई मिस्त्रीच्या खांद्यावरून आली – टाचेची जखम सुकते आहे. मी आधीच सांगितलं, कुणाचा जोड परत घेणार नाही, आता खरं बोला.

मागून एकजण म्हणाला, चावतो. मग सगळेच सुटले. कुणी पुढे कागदाचे बोळे कोंबलेले, कुणी बोटं मुडपून चालणारी. मिस्त्रीने एकेक पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली.

नीट बसलेले जोड – अकरा.

मिस्त्रीने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि पेन्सिल कानावर खोचली. बोलला असता तर बरं झालं असतं.

एकतीस नवे करायचे. करतो! दोन महिने पुष्कळ झाले. आणि या वेळी कागद समोर ठेवून.

जाता जाता वकीलबाई म्हणाली, आता तुमचा पाय कागदावर काढा. पोरं हसायला लागली. मी मोजा काढून कागदावर उभा राहिलो.

२१ सप्टेंबर, रविवार

माझा कागद आज नीट बघितला. बोटं चारच उतरली आहेत. करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडलेली. दुसऱ्या पायाचीही तशीच. मी आजवर ती आमच्या घराण्याची खूण समजत होतो.

आईला विचारलं. म्हणाली, "नऊ वर्षांचा होईपर्यंत सरळ होती."