बिभीषणाची पोर

१२ जानेवारी, सोमवार

लस मेलेली होती.

आज कळलं, तेही सहज. मुंजाबा मामा माझ्या स्कूटीवर मागं बसले होते. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ते परिचर आहेत, बोलायला लागले की थांबत नाहीत. म्हणाले, नाताळच्या सुट्टीत डीपी जळाली तवा लई हाल झाले मॅडम, इन्व्हर्टर बी बसलेला, फ्रीजमधल्या बर्फाचं पार पाणी झालं, म्याच पुसलं.

मी गाडी बाजूला घेतली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाले.

सुट्टीनंतर आले तेव्हा फ्रीजखाली ओल होती. मी साहेबांना, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरांना, विचारलंही होतं. "डीफ्रॉस्ट केलाय," म्हणाले. मी मान हलवली, मेंढ्यांच्या देवीरोगाच्या लसीचा डबा भरला आणि मेंढपाळांच्या वाड्यांवर, रानातल्या त्यांच्या तळांवर, गेले. त्या दिवसांतल्या सगळ्या सुया माझ्या हातच्या. आमचा स्वतःचा वाडाही त्यात. आण्णा एकेक मेंढरू धरून देत होते आणि इतरांना सांगत होते — माझ्या लेकीचा हात हाय, भ्या नका.

मेलेल्या लसीनं जनावराला काही होत नाही. तेच वाईट. कानात टोचल्याचा पिवळा बिल्ला, आणि अंगात काहीच नाही. देवीची साथ आली तर आपली मेंढरं वाचणार असं समजून लोक निवांत बसणार.

१३ जानेवारी

साहेबांकडे गेले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

चहा मागवला. म्हणाले, बॅटरीसाठी किती वेळा लिहिलं ते मलाच माहीत. लस परत मिळाली नसती. मोहीम संपत आली होती. वाटलं, थोडीफार तरी जिवंत असेल. मग खिडकीकडं बघत म्हणाले, हे बाहेर गेलं तर पुढच्या वर्षी एकही वाडा सुई टोचून घेणार नाही. सुईनं गाभणी मेंढरं गाभडतात म्हणून काठ्या घेऊन अंगावर यायचे ते, आठवतं ना? किती कष्टानं तयार केलं त्यांना. तूच केलंस. ते सगळं पुसायचं? मग देशाचं नुकसान कोण करतंय, मी का तू?

चहा तसाच ठेवून मी उठले.

मी दाराशी गेल्यावर एवढंच म्हणाले, "आणि लोक आधी विचारतील — सुई कुणाच्या हातात होती."

माझी परिवीक्षा अजून संपलेली नाही, नोकरी कायम नाही, हे काही ते बोलले नाहीत. गरजच नव्हती.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ देताना साहेब दरवर्षीचं वाक्य बोलले. गोड बोला. दोघंही हसलो नाही.

१८ जानेवारी, रविवार

सुलेखाला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं आणि खोलीत तीच असते. ती दुसऱ्या सरकारी कचेरीत कारकून आहे, तिला कळेल असं वाटलं. शिवाय तिच्या घरी चळवळ. तिचे पप्पा म्हणजे सभेत पहिल्या रांगेत. ती म्हणेल, जा, सांग, घाबरू नको.

ती कपडे धूत होती. पिळता पिळता म्हणाली, "आधी कायम हो. मग काय व्हायचं ते हो."

मी म्हटलं, तू असं बोलतेस?

मग तिनं पप्पांचं सांगितलं. नोकरीत असताना त्यांनी असंच काहीतरी उघड केलं होतं. सत्कार झाला, हार घातले, फोटो निघाले. हार वाळायच्या आत सस्पेंड. हारवाले पुन्हा आले नाहीत. "देशभक्त का गद्दार, ते लोक सावकाश ठरवतात गं. तोवर घर लीलाबाईंनीच चालवायचं असतं." लीलाबाई म्हणजे तिची आई. आईला ती अशीच नावानं म्हणते, लाडात असली की.

चूक उघड केली म्हणून पप्पांना पस्तावा झाला का, असं विचारलं. बादली उचलून गच्चीवर गेली. जिन्यातून म्हणाली, "तेवढं सोडून सगळ्याचा झाला."

२० जानेवारी

पुण्याला, खात्याच्या मुख्य कचेरीत, तक्रार पाठवली. ऑनलाइन. नाव न देता.

पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. शब्द तपासून बघितले — कुठं खोटं नाही, कुठं वाढवून नाही. साहेबांनी बॅटरी मागितली होती, तेही लिहिलं. ते लिहिलं नसतं तर लबाडी झाली असती.

२७ जानेवारी

काल झेंडावंदनाला साहेबांचं भाषण झालं. जनावरांची सेवा हीच देशसेवा. चांगलं बोलले. त्यांना ते मनापासून वाटतं, हेच तर अवघड आहे.

आणि आज पेपरात! छोटीच बातमी, आतल्या पानावर. निकामी लस टोचल्याचा आरोप. पुण्याहून चौकशी लागल्याचं कुणाकडून तरी फुटलं.

ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर तेच. फ्रीजबद्दल एक शब्द नाही. मेंढरांबद्दल नाही. सगळं ते पाठवणाऱ्याबद्दल. खाल्ल्या मिठाला न जागणारा. गद्दार. कुणीतरी लिहिलं, लंका रावणामुळं नाही, घरभेद्यामुळं जळाली.

दुपारी जेवताना सोमनाथ — माझ्यासारखाच पर्यवेक्षक, टिंगलखोर — म्हणाला, अरे आपल्याकडं बिभीषण कुणाच्या नावात आहे बघा की. मस्टरवर माझं नाव, वडिलांच्या नावासकट, योगिनी बिभीषण असं आहे. सगळे हसले. मीही हसले. डब्यातली भाजी संपवली.

कुणाला माझा संशयही आला नाही. संशय मुंजाबा मामांवर आहे. ते बडबडे ना.

सुलेखाला सांगितलं तर म्हणाली, मला तुमच्या रामायणात पाडू नको, उद्या लवकर उठायचंय.

३० जानेवारी

मामांची बदली. सोयगावला, पार टोकाला. त्यांची बायको दमेकरी, दर आठवड्याला इथं घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणावी लागते.

निघताना मला म्हणाले, "मॅडम, म्या कुणालाच बोललो नाय बघा. तुमाला तेवढं बोललो."

एवढंच. माझ्याकडं बघितलं, पिशवी उचलली आणि बसस्टँडकडं चालायला लागले. त्यांना ठाऊक आहे.

मी हाक मारली नाही.

३ फेब्रुवारी

थकले. काही लिहिण्यासारखं केलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आमच्या वाड्यात देवी आलीय.

आईचा फोन आला तशी फुलंब्रीची गाडी पकडली. वाडा तिथून पुढं एका वावरात खतासाठी बसवलेला. कोकरांच्या तोंडावर, काखेत फोड. डोळे चिकटलेले. काही मेलीही. आई नुसती लिंबाचा पाला उकळत होती.

आण्णा वाड्यावर नव्हतेच. दोन रस्ते फुटतात त्या वळणावर उभे होते, काठीला घोंगडी बांधून. दुसरी मेंढरं येताना दिसली की घोंगडी हलवायचे आणि ओरडायचे — फिरा मागं, माझ्यात देवी आलीया. लागण झाली की ते कायम असंच करतात. त्यांचे वडीलही करायचे म्हणे. लहानपणी मला लाज वाटायची. एकदा ओरडलं की मग आमचं एकही मेंढरू कुणी विकत घेत नाही, कुणी वावरात बसवत नाही. आत्ताही वावराच्या मालकानं उठायला सांगितलंच होतं. आई म्हणाली, सगळे झाकत्यात, ह्योच एक वाटंवर नाचतो.

फकिरा काकांचा वाडा आमच्या शेजारीच उतरलेला. त्यांच्याही मेंढरांना फोड दिसायला लागलेत. ते मला बघून म्हणाले, काय गं, तुझ्या सुईचं काय झालं मग?

मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, "सुईला नाव ठिवू नगं फकिरा. लेकीनं सुई बरोबर दिली. म्याच मेंढरं घाण पान्यावर नेली, माझीच चूक हाय."

सगळ्यांसमोर म्हणाले. मी औषधाची बाटली हातात घेऊन तशीच उभी.

९ फेब्रुवारी

सकाळी सांगितलं. ते आजारी कोकरं वेगळी काढत होते. मी म्हटलं, आण्णा, तुमची चूक नाही. सुई मेलेली होती. बर्फ नव्हता.

कोकरू खाली ठेवलं त्यांनी. "तुला कवा कळलं?"

संक्रांतीच्या आधी, म्हटलं.

"म्हंजी फकिरा माझ्या शेजारी उतरला, तवा तुला ठाव हुतं."

मी घाईघाईनं सांगायला लागले — तक्रार केली, पुण्याला पाठवली, चौकशी लागली. ते ऐकत होते. मग विचारलं, "पुन्याला? पुन्यात मेंढरं हायेत का?"

ओरडले असते तरी चाललं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. लागण इथं, आणि मी हाक दिली तिकडं.

नाव लिहिलंस का, म्हणाले. नाही म्हटलं. मग त्यो कागुद कुनाचा, म्हणाले.

मला रडू आलं. म्हटलं, नाव लिहिलं तर नोकरी जाईल आण्णा. आत्ताच म्हणतात घरभेदी. तुमचं नाव घेऊन हसतात.

यावर मात्र ते हसले. मिशीतल्या मिशीत. "आपल्या भागात गावोगाव बिभीषण हायेत. मला एक रावण दाखव. कुनी ठिवतं का पोराचं नाव?" पुन्हा कोकरू उचललं. जरा वेळानं म्हणाले, "पर माय, त्यो भिताडाआडून नाय बोलला. दरबारात उभा ऱ्हाऊन, भावाच्या तोंडावर बोलला. लाथ खाल्ली. मंग गेला."

नंतर वळणावर त्यांच्याशेजारी उभी राहिले. तिकडून येणाऱ्या प्रत्येक वाड्याला सांगितलं — नाताळानंतरच्या माझ्या सुया धरू नका, बिल्ल्यावर जाऊ नका, मेंढरं लांब ठेवा. फकिरा काकांनाही सांगितलं. त्यांनी एक मेंढी ओढली, तिच्या कानातला बिल्ला कापला आणि माझ्या पायापाशी टाकला.

१२ फेब्रुवारी

पुण्याहून आलेल्या चौकशी अधिकाऱ्यांना लेखी दिलं. नावानिशी. तक्रार माझी, सुया माझ्या, मुंजाबा मामांचा संबंध नाही. दवाखान्यातच, सगळ्यांसमोर दिलं.

आधी साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांना सांगितलं होतं, मी हे देणार आहे. ते पेन उघडत-मिटत राहिले. म्हणाले, "कुंभकर्णालाही कळत होतं योगिनी, भाऊ चुकलाय म्हणून. पण तो सोडून नाही गेला. मला तो जास्त आवडतो."

त्यांचा राग आला नाही मला. दयाही नाही. तेही थकलेले दिसले.

संध्याकाळी माझ्या निलंबनाचा आदेश, चौकशी संपेपर्यंत. सोमनाथनं डोळे वर न करता हातात दिला.

१६ फेब्रुवारी

खोलीवरच आहे. सुलेखा भाजी आणते. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, लीलाबाई व्हायची प्रॅक्टिस करतेय.

मामांची बदली रद्द झाली नाही. ऑफिसातून अर्ज करा म्हणाले म्हणे. मी फोन केला, माफी मागितली. ते बायकोच्या दम्याचं सांगत बसले. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत.

आईचा निरोप — साथ पसरतेय. आणि आता कुणी दवाखान्याच्या गाडीला वाड्याजवळ येऊ देत नाही. कुत्री सोडतात.

म्हणजे साहेब बरोबरच होते. लोकांचा सुईवरचा विश्वास मी घालवला. मी बोलले नसते तर मेंढरं मेली असती, बोलले तरी मरतायत. वर पुढच्या वर्षीचीही मरणार. देशभक्त आणि गद्दार, दोन्ही शब्द मला मोठे होतात. अंगाला बसत नाहीत.

झोप येत नाही आणि जागही येत नाही.

१९ फेब्रुवारी

बाहेर सकाळपासून ढोल. शिवजयंती. खिडकी लावून घेतली.

२२ फेब्रुवारी, रविवार

आत्ता साहेबांचा फोन आला. नवी लस आलीय. स्वतः डबा घेऊन फिरले, कुणी एका मेंढराला हात लावू दिला नाही. फकिरा काका म्हणाले म्हणे, बिभीषणाची पोर आना. खराब असलं तर ती तोंडावर सांगती.

मी म्हटलं, साहेब, मी निलंबित आहे.

"त्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणूनच मागतायत."

सुई मी धरणार नाही, नियमात बसत नाही. डब्यातल्या बर्फाला हात लावून बघायला मात्र कुठला नियम आड येत नाही.