साखरेच्या डब्यावरचा पहारा

रचना बाळ,

समज, शहापुरात एक घर आहे. तिथल्या आज्जीला मधुमेह. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं, तशी नातीनं साखर, गूळ सगळं लपवून टाकलं. पहारा एकदम कडक!

आज आज्जीनं मधुमेहाची गोळी घेतली आणि सोमवारचा उपास म्हणून जेवलीच नाही. रक्तातली साखर फार उतरली. हातमागावर विणायला बसल्या बसल्या हात थरथरले, घाम फुटला. आज्जानं सगळे डबे धुंडाळले. शेवटी शेजारची मनिषाक्का साखरपाणी घेऊन धावली, तर आज्जी म्हणते, "नको गं, मला गोड चालत न्हाय. रचना रागवंल!"

दटावून पाजलं, तेव्हा थरथर थांबली.

मागावरच्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ जास्त झाली तर ते कडक होतं, अजिबात नसली तर तटातटा तुटतं. अंगातल्या साखरेचंही तसंच. नातीची चूक नाही; तिला कुणी अर्धंच सांगितलं होतं.

आज्जी आता नीट बोलतेय, तरी दवाखान्यात नेतोय. रिक्षा दारात आलीय.

गोष्टीचा शेवट तू घरी आल्यावर खरा करायचास. मग त्या नातीनं काय केलं? शाळेतून आली, आधी भाकरी-आमटी खाल्ली, मूठभर साखर पुडीत बांधून आज्जीच्या मागाजवळ ठेवली. डबा मात्र पुन्हा लपवला.

तुझा आज्जा