सहाशे बारा चित्रांना लागलेल्या वेळेबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रांतिक आरोग्य सेवा, सान एलाद्यो

विषय : परिपत्रक क्र. ३१ मोडल्याच्या नोटिशीचा खुलासा व सदर परिपत्रक बदलण्याची विनंती.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ३ जून.

महोदय,

अर्जदार हेर्मिन्दा रेमोल्कोय ही कालेता ओस्कुरा बेटावरील रुग्णालयात स्कॅन तंत्रज्ञ आहे. मेंदूचे डॉक्टर राजधानीत असतात व त्यांनी चित्रे पाहिल्याखेरीज रुग्णास नेणारे हेलिकॉप्टर सुटत नाही.

दि. ११ एप्रिल रोजी शिंपले काढणारा पाणबुड्या एलेओदोरो चिगुआय याच्या डोक्यास बोटीवरील यंत्राचा दांडा लागला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी स्कॅन झाला. परिपत्रकानुसार अर्जदाराने सहाशे बारा चित्रे सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बाई, नुसतं चाक फिरतंय. उघडत काहीच नाही."

लाइनचा वेग पुरेसा आहे, हा आपल्या तपासनिसांचा शेरा खरा आहे. परंतु येथील लाइन उपग्रहामार्गे जाते. डॉक्टरांचा संगणक प्रत्येक चित्रासाठी दहा-बारा वेळा विचारतो, आहे का, उघडू का, पुढचा तुकडा देता का. आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. दर खेपेस जवळपास पाऊण सेकंद जातो. वेग कितीही वाढवला तरी हे थांबणे कमी होत नाही.

दाराशी एलेओदोरोची बायको रोसाल्बा उभी होती. "मिन्दा, घोरतोय गं तो. झोप लागली म्हणजे बरंच ना?" अर्जदाराने हो म्हटले.

शेवटचे चित्र तीन छत्तीसला उघडले. डॉक्टर ओरडले, "आत्ताच्या आत्ता उचला त्याला!" हेलिकॉप्टर धक्क्यावर उतरले, तेव्हा एलेओदोरोचा श्वास थांबून वीस मिनिटे झाली होती.

मे महिन्यात दोन वेगवेगळ्या दिवशी दोन रुग्णांची चित्रे अर्जदाराने प्रत्येकी एकाच फाइलमध्ये बांधून थेट डॉक्टरांना पाठवली. फाइल एकच, त्यामुळे विचारणा मोजक्याच झाल्या. दोन्ही वेळा नऊ मिनिटांत पोहोचली. दोघेही आज आपापल्या घरी आहेत. नोटीस या दोन प्रसंगांची आहे. दोन्ही आरोप मान्य आहेत.

तरी परिपत्रक बदलावे, ही कळकळीची विनंती.

एप्रिलच्या प्रसंगाबद्दल मात्र आपण काहीच विचारलेले नाही. त्या दिवशीही एक फाइल बांधून तयार होती. अर्जदाराने ती पाठवली नाही, नियम पाळला. शिक्षा द्यायचीच असेल, तर त्याची द्यावी.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,
हेर्मिन्दा रेमोल्कोय
कालेता ओस्कुरा, दि. ९ जून

सोबत : तिन्ही दिवसांच्या वेळांची नोंद.