माझ्याच पडद्यावरचे पाळणे

वडूज,
२० जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास अप्पाचे आशीर्वाद.

तुझी आणि बाळाची तब्येत बरी असल्याचं तुझ्या आईकडून कळतं. इकडे मेंढरं खुशाल आहेत. माझ्या डोक्याला मात्र वेबसाइटवरच्या जाहिरातींनी ताप दिलाय, आणि पत्र त्यासाठीच.

'कोरडवाहू' ही साइट तूच सुरू करून दिलीस. तू लग्न होऊन कडेगावला गेल्यापासून कराडची संयोगिता ती सांभाळते. साइटचा खर्च साइटनंच भागवावा म्हणून तिनं जाहिराती लावल्या. मी म्हटलं, लाव, पण आमच्या वाचकाच्या कामाच्या. जंतनाशक, ठिबकच्या नळ्या, ज्वारीचं बियाणं. आलं काय? तलवारी परजणारे गेमवाले. विचारलं तर म्हणते, "सर, यंत्र शब्द वाचून जाहिरात ठरवतं. तुमचा लेख पाण्यावर, पण त्यात रणांगण आहे, वेढा आहे, शत्रू आहे. पाणी एकदाच आलंय, तेही शेवटी."

चाळीस वर्षं माझ्या रणांगणावर टाळ्या पडल्या, आणि हे यंत्र मला विषयावर बोला म्हणतं. तरी चरफडत बावीस लेख पुन्हा लिहिले. मेंढीला मेंढी म्हटलं, चाऱ्याला चारा. त्यावर काय यावं? पाळणे. सागवानी पाळणे, मच्छरदाणीचे पाळणे, शिवाय टोपडी आणि दुपटी.

संयोगिताला फोनवर फैलावर घेतलं. ती म्हणाली, "माझ्याकडं तर जंतनाशकच दिसतंय, सर." मला वाटलं, वेळ मारून नेतेय. काल मेंढपाळांची बैठक होती. म्हटलं, पुराव्यानिशी बोलू. लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि बाजाराच्या मुजोरीवर सुरू झालो. ज्याचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याला हे सागवानी पाळणा विकायला निघालेत, वगैरे.

ज्योतिबानं आपला फोन वर केला. "अप्पा, माज्याकडं तर लोकर कातरायचं मशीन दिसतंय." मग दुसऱ्यानं फोन दाखवला, तिसऱ्यानं दाखवला. पाळणा कुणाकडेच नाही.

तेवढ्यात मागून तुझी आई उठली. "आवं, यंत्र न्हाई चुकलं. ज्यानं जे धुंडाळलं, त्येला त्ये बी दावतंय. संयोगितानं सांगितलंय मला. म्हैना झाला, तुमी रोज पाळणंच बघताय."

"मग घ्या की एकदाचा," ज्योतिबा म्हणाला. "यंत्र बी दमलं आसंल."

सगळे हसले. भाषण अर्धवट टाकून खाली उतरायची ही माझी पहिली वेळ.

उत्कर्षा, लोकांच्या आंतरजातीय लग्नांत मी अक्षता टाकल्या, भाषणं केली. तुझ्या लग्नाला आलो नाही. ऊसवाल्यांच्या दारात धनगर हात बांधून उभा राहणार नाही, असं गावभर सांगत फिरलो. पण तुझ्या सासऱ्यांनी, वीरधवलरावांनी, मला कधी उभं ठेवलंच नव्हतं. ते दोनदा आपल्या घरी आले, आणि चहासुद्धा न विचारता मीच स्वाभिमानावर बोलत राहिलो. तो स्वाभिमान नव्हता. ताठा होता. ताठ्याला ताठा म्हणायला मला दोन वर्षं लागली.

तुझी आई सांगते, पहिला पाळणा माहेरचाच हवा म्हणून तू बारसं थांबवलंयस. सासऱ्यांनी आणलेला तसाच भिंतीला टेकून आहे आणि पोर झोळीत निजते. हे तिनं मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं, आणि लॅपटॉप उघडला.

येत्या रविवारी सव्वीस तारीख. झेंड्यापुढचं भाषण यंदा दुसरं कुणी करील. मी आणि तुझी आई ज्योतिबाच्या पिकअपमधून पाळणा घेऊन कडेगावला येतोय. सागवानीच घेतलाय. वीरधवलरावांना सांग, मी काही बोलणार नाही. त्यांनी घटकाभर दारात उभं ठेवलं तरी चालेल.

तुझा अप्पा,
आणि तुझी हरकत नसेल तर,
जिचं नाव अजून ठेवायचंय तिचा आजा,
तानाजी