वाघाची जागा

२ डिसेंबर
पोचले एकदाची! चढ असा, की रंगांची पेटी वाटेतच टाकून द्यावी. पण देवळातल्या स्वयंपाकीण बुनरेबाई मोठ्या गमतीच्या. गरम सोयाबीन रस्सा पुढे करत म्हणाल्या, देवाला रंग नंतर, आधी स्वतःच्या तोंडावर येऊ दे. डोंगरदेवाचं जुनं चित्र उदबत्तीच्या धुरानं पार काळवंडलंय. पाइनखाली पांढऱ्या दाढीचा देव, शेजारी त्याचा वाघ. तसंच नवं काढायचं आहे.

९ डिसेंबर
देवाचा चेहरा जमला. जमला कसला, माझा दोकचिलच उतरला. नवरा जाऊन तिसरा हिवाळा, पण हात विसरत नाही. बुनरेबाईंनी नाक मुरडलं. म्हणाल्या, डोळ्यांतल्या बाहुल्या मात्र प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, मंत्र चालू असतानाच भरायच्या. आधी देवाच्या, मग वाघाच्या. धन्याआधी कुत्रं सोडतं का कुणी, असं वर ऐकवलं. देव ज्याला बोलावतो, त्याला न्यायला वाघच येतो म्हणे.

१४ डिसेंबर
देवळातले भिक्खू आणि बुनरेबाई किमचीच्या लोणच्यासाठी कोबी आणायला खाली गेले आणि बर्फानं वाट बंद झाली. देवळाचा कुत्रा आणि मी, बस. दिवसभर माझाच खोकला मला ऐकू येतो. फार एकटं वाटलं. कुणीतरी बघावं माझ्याकडे, म्हणून वाघाच्या बाहुल्या भरल्या. देवाच्या, म्हणजे दोकचिलच्या, भरायला हात धजला नाही. चित्रातलाच तर वाघ!

१५ डिसेंबर
भरदुपारी बघते तर वाघाची जागा कोरी. रंग पुसलेला नाही. जणू कधी लावलाच नव्हता. पायरीवरच्या बर्फात पंजे उमटलेत. बाहेर जाणारे.

१६ डिसेंबर
आत येणारेही. कुत्रा भुंकत नाही. नुसती साखळी आहे.
वाघाच्या धन्याला जागं करायला हवं. तोच त्याला आवरेल. शाई गोठलीय, तोंडाच्या वाफेवर वितळवते—

एक डोळा झाला. दाराशी खरखर.

दुसराही. पण तो वाघाला हाक मारत नाही. माझ्याकडेच बघतोय. किती दिवसांनी कुणी—
शेजारची कोरी जागा थापटतोय.

भीती वाटते. दोकचिल असा कधी हसत नसे. पण तिथं ऊब असेल.
खरखर थांबलीय. वाघ वाट बघतोय.
येते म्हटलं. कडी काढते—